प्रयोगशाळेचा राखणदार : जैवसुरक्षा अधिकारी

देवी रोगाचा निसर्गतः झालेला अखेरचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात आढळला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७८ मध्ये, इंग्लंडातील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात छायाचित्रणाचे काम करणाऱ्या एका महिलेस हा रोग जडला आणि ११ सप्टेंबर रोजी तिचा अंत झाला. ती संशोधक नव्हती. तिच्या खोलीखालच्या मजल्यावर देवीच्या विषाणूवर संशोधन चालत असे. विषाणू कोणत्या वाटेने तिच्यापर्यंत पोचला यावर मतभेद राहिले. तो त्या प्रयोगशाळेतला होता, यावर मात्र राहिले नाहीत.

इतिहास शिकविताना आम्ही नेहमी विचारतो : प्रगतीची किंमत कोणी मोजली? याच प्रश्नाची जबाबदारी उचलणारा व्यवसाय म्हणजे जैवसुरक्षा अधिकाऱ्याचा.

अमेरिकेत १९७५ च्या असिलोमार परिषदेनंतर, १९७६ मध्ये जनुकीय संशोधनाचे नियम आले. आजच्या नियमांनुसार विद्यापीठाच्या जैवसुरक्षा समितीत किमान पाच सदस्य लागतात. त्यांतील दोघे संस्थेबाहेरचे, परिसरातील जनतेचे हित पाहणारे असावे लागतात. जनुकीय बदल केलेल्या अधिक धोक्याच्या जंतूंवर काम होत असेल, तर जैवसुरक्षा अधिकारीही अनिवार्य असतो. प्रयोगाचा प्रस्ताव तपासणे, चार सुरक्षा-स्तरांपैकी योग्य स्तर ठरविण्यास साहाय्य करणे, प्रशिक्षण देणे, अपघाताची चौकशी करणे ही त्याची कामे. १९७६ मध्ये पाइक यांनी प्रयोगशाळेत झालेल्या ३,९२१ संसर्गांचा आढावा घेतला. त्यांपैकी वीस टक्क्यांहूनही कमी संसर्गांमागे एखादा ज्ञात अपघात होता. म्हणजे काच फुटण्याची वाट पाहून चालत नाही. रोजची शिस्तच माणसाला वाचविते.

ही शिस्त प्राध्यापकापुरती नसते. कचरा उचलणाऱ्या कामगाराच्या हाती जाण्यापूर्वी तो कचरा दाबाच्या वाफेने, सामान्यतः १२१ अंश सेल्सिअसला, निर्जंतुक झालाच पाहिजे. त्या कामगाराचा जीव संशोधकाच्या जिवाइतकाच मोलाचा, हे तत्त्व येथे नियम बनून उभे राहते.

भारतातही १९८९ च्या नियमांनी अशा संस्थांत जैवसुरक्षा समिती आवश्यक केली आहे. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान वा वैद्यकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या वाटेचा अवश्य विचार करावा. मात्र पदवीबरोबर आणखी एक गुण लागेल : नामवंत शास्त्रज्ञासमोरही "हा प्रयोग आज थांबवावा लागेल" असे नम्रपणे, पण ठामपणे सांगण्याचे धैर्य. ते धैर्य वर्गात प्रश्न विचारण्यापासून सुरू होते, असे आम्हांस वाटते.