कंचेभागुबेव संगणकाला शिकवताना

'कंचेभागुबेव' आपण सगळेच शिकवतो. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. आता १० − ४ + ३ सोडवा बरं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने उत्तर काढलं ३. मी म्हटलं, चूक, ९ हवं. ती म्हणाली, "सर, बेरीज आधी ना? तुम्हीच सांगितलंत." तिने ४ आणि ३ मिळवून ७ केले आणि १० मधून वजा केले. नियम तिने मोडला नव्हता, पाळला होता!

हाच नियम मी संगणकाला शिकवून पाहिला. त्यासाठी 'बायसन' नावाचं मोफत साधन आहे. आपण व्याकरण लिहून द्यायचं, ते पार्सर तयार करून देतं. पार्सर म्हणजे लिहिलेल्या ओळीची रचना ओळखणारा प्रोग्राम. व्याकरण हा शब्द आपल्या रत्नागिरीला नवा नाही. मालगुंडच्या केशवसुतांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिलं. तिथे नियम मराठीचे होते, इथे पदावलीचे आहेत.

पायरी १ : फाईलमध्ये नियम लिहा. पदावली म्हणजे एक संख्या, किंवा पदावली-चिन्ह-पदावली. चिन्हं चार : + − × ÷.

पायरी २ : टर्मिनलवर 'बायसन' टाईप करून पुढे फाईलचं नाव द्या. लगेच इशारा येतो : १६ ठिकाणी संघर्ष. कारण चारपैकी कोणत्याही चिन्हानंतर चारपैकी कोणतंही चिन्ह आलं, तर आधी काय करायचं हे आपण सांगितलेलंच नाही.

पायरी ३ : प्राधान्य सांगा. त्यासाठी 'लेफ्ट' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी लिहायच्या. एका ओळीतली चिन्हं समान मानाची, ती डावीकडून सोडवायची. खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा वरचढ.

मी कंचेभागुबेव जसंच्या तसं उतरवलं : वजाबाकी, तिच्याखाली बेरीज, मग गुणाकार, मग भागाकार. चारही वेगळ्या ओळी. इशारे गेले. पार्सर चालवला, १० − ४ + ३ दिलं. उत्तर आलं ३. त्या मुलीचंच!

मग + आणि − एका ओळीत, × आणि ÷ त्याखालच्या ओळीत ठेवले. उत्तर ९.

गंमत म्हणजे भागाकार गुणाकाराच्या आधी केला तरी उत्तर बिघडत नाही. १२ × ६ ÷ ३ कसंही सोडवा, २४ च येतात. बेरीज वजाबाकीच्या आधी केली की मात्र बिघडतं. म्हणून ही चूक बरेच दिवस लपून राहते.

आता मी फळ्यावर कंचेभागुबेव लिहितो तेव्हा 'भागु' भोवती एक चौकट काढतो आणि 'बेव' भोवती दुसरी. चौकटीतले दोघं सारखे, डावीकडून जो आधी येईल तो आधी. आणि त्या मुलीच्या वहीवरची लाल फुली मी स्वतः खोडली.