इथंच तर जायचंय! : पोशीरच्या रस्त्यावरचा एक धडा



निबंध म्हटलं की मुलं तोंड वाकडं करतात, हे आपल्याला नवीन नाही. पण 2024 च्या मे महिन्यात 'निबंध' हा शब्द साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाला होता. 19 मेच्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव मोटारीच्या धडकेत दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मोटार 17 वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने ज्या अटी घातल्या, त्यांतली एक होती 300 शब्दांचा निबंध. लोक संतापले, आणि ते बरोबरच होतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शिक्षकखोलीतही हाच विषय. मी जोरात म्हणालो, "निबंध अपघातानंतर कसला लिहून घेता? आधी लिहून घ्या!" बोललो खरा, पण मग वाटलं, मराठी मीच शिकवतो, नववीचा वर्गही माझाच. घेऊ या लिहून.

विषय दिला, 'आमच्या रस्त्यावरची वाहनं'. अट एकच. 'वाहने ही काळाची गरज आहे' या वाक्याने सुरुवात करायची नाही. आधी बघायचं, मग लिहायचं. शाळा सुटल्यावर कुंपणाच्या आत बसून अर्धा तास रस्ता बघा. आपला नेरळ-कळंब रस्ता पोशीरवरून जातो, त्यामुळे बघायला कमी नाही. टमटम, इको, एसटी, वीटभट्टीचे ट्रक, शनिवार-रविवारी फार्महाऊसवाल्या गाड्या, आणि दुचाक्या तर मोजू नका.

आठ दिवसांनी वह्या आल्या. त्यातलं जे हाती लागलं, ते तुमच्यासमोर ठेवतो.

मुलांनी टिपलेले नमुने

1. पाय-इंडिकेटर. टमटमला दोन दिवे दिलेले असतात, पण चालकाचा विश्वास स्वतःच्या पायावर. उजवा पाय बाहेर आला की गाडी वळणार. कधीकधी पाय फक्त वाऱ्यासाठी बाहेर असतो. मागच्याने ते ओळखायचं. याच्या उलट काही दुचाकीवाले. नेरळला लावलेला इंडिकेटर कळंब आलं तरी टिकटिक करतोय. एका मुलीने लिहिलं, "ते काका अजून वळलेले नाहीत."

2. रस्त्यातली ग्रामसभा. समोरासमोरून दोन मोटारसायकली येतात, ओळख पटते आणि दोन्ही रस्त्याच्या मधोमध थांबतात. "काय, लावणी झाली का?" इथून सुरू होतं ते जावयाच्या नोकरीपर्यंत जातं. मागच्याने हॉर्न दिला तर दोघं त्याच्याकडे असे बघतात, की तोच लग्नात न बोलावता आला आहे.

3. वाकडी मान. मोबाईल कान आणि खांदा यांच्यामध्ये, मान काटकोनात, आणि गाडी मात्र सरळ. निदान तसा समज. मुलांनी याला नाव दिलंय 'बगळा'.

4. कडेची वाट. गतिरोधक वेग कमी करायला असतो हे आपण फळ्यावर शिकवतो. प्रत्यक्षात तो संपतो तिथे कडेला वीतभर सपाट जागा उरते आणि सगळ्या दुचाक्या तिथूनच निघतात. त्याच कडेने शाळेची मुलं चालतात. म्हणजे आपण गाड्या हळू व्हाव्यात म्हणून जो उंचवटा केला, त्याने त्या मुलांच्या अंगावर घातल्या.

5. कोपराचं हेल्मेट. हे आरशाला, टाकीवर किंवा कोपरात आढळतं. डोक्यावर चढतं ते फक्त पुढे पोलीस आहेत असं कळल्यावर. समोरून येणारा दिवा चमकवून सावध करतो. एवढा एकोपा आपल्याकडे दुसऱ्या कशात नाही! एका वहीत लिहिलं होतं, "बाबा हेल्मेट डोक्यासाठी नाही, पोलिसांसाठी घेतात."

6. प्रखर दिवा. रात्री समोरच्याला आंधळं करून आपण नीट बघायचं. त्यात पाऊस, पाण्याने भरलेले खड्डे आणि पिशवी डोक्यावर धरून चालणारं माणूस. आपल्याकडे डिपर आहे, हे कित्येकांना गाडी विकतानाच कळतं.

7. शनिवार-रविवारचे पाहुणे. मुंबई-पुण्याच्या गाड्या, खिडकीबाहेर अर्धा माणूस, वळणावर फोटो. यांच्यावर मुलांनी पानंच्या पानं लिहिली. मीही आनंदाने वाचत होतो. दोष बाहेरून आलेला असला की वाचायला बरं वाटतं. पण एका मुलीने शेवटी एकच ओळ लिहिली होती, "सोमवार ते शुक्रवार मात्र सगळे आपलेच असतात."

वहीत सापडलेला मी

आता खरी गोष्ट. एका मुलाची वही मी दोनदा वाचली. तो अभ्यासात मध्यम, पण गाडीवर हात बसलेला. वडिलांची मोटारसायकल घेऊन येतो आणि शाळेत परवानगी नाही म्हणून अलीकडच्या दुकानापाशी लावतो. हे सगळ्यांना माहीत, मलाही. त्याने लिहिलं होतं, "लायसन 18 वर्षांनंतर मिळते. पण सरांनी मागच्या उन्हाळ्यात मला किल्ली देऊन गाडी सावलीत लावायला सांगितली होती. मी नीट लावली. सर शाब्बास म्हणाले."

मित्रांनो, मी लाल पेन हातात घेऊन बसलो होतो. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मनात पहिलं उत्तर काय आलं, सांगू? "अरे, इथंच तर लावायची होती!" आणि मग लक्षात आलं, हेच वाक्य सगळ्या वह्यांमध्ये आहे. हेल्मेट का नाही? इथंच तर जायचंय. तिघं का बसलात? इथंच तर जायचंय. पोराच्या हातात गाडी का दिली? दुकानातून साखर आणायची होती, इथंच तर जायचंय. शाळेच्या मैदानात कायदा लागतो की नाही, ते वकील बघतील. मुलाने शिकायचं ते शिकून घेतलं होतं. लायसन नसलं तरी चालतं, सर शाब्बास म्हणतात.

आपल्याला वाटतं मुलं गाडी 18 व्या वर्षी शिकतात. खरं तर ती चौथ्या वर्षी शिकतात, टाकीवर बसून, हँडलला चिमुकले हात लावून. "बघा, कसा चालवतोय!" असं म्हणत आपणच पहिला पाठ देतो.

पालकांनी हे एवढं वाचावंच

मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये दुरुस्ती झाली. त्यातल्या कलम 199अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर दोषी धरले जातात पालक किंवा वाहनमालक. 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. वाहनाची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन नाही. ज्या मुलाला उद्या टेम्पो चालवून पोट भरायचं आहे, त्याच्या दृष्टीने हा दंड पैशांपेक्षा मोठा आहे.

हेल्मेट चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही. "मी काय, मागे बसते," असं म्हणणाऱ्या आयांसाठी एक आकडा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतल्या 50,029 जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं, आणि त्यांत 14 हजारांहून अधिक जण मागे बसलेले होते. ते गाडी चालवतच नव्हते.

मैदानावरचा उपक्रम

नुसतं रागावून मुलं ऐकत नाहीत, म्हणून विज्ञानाच्या मॅडमना सोबत घेतलं. नववीला 'गतीचे नियम' आहेतच. v² = u² + 2as हे समीकरण मुलं पाठ करतात. आम्ही ते चुन्याने मैदानावर आखलं.

कोरडा रस्ता आणि चांगला ब्रेक, म्हणून ऋण त्वरण 5 मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं. डोळ्यांना दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत 1 सेकंद धरला. हिशेब असा आला:

- ताशी 40 किमी : गाडी थांबायला सुमारे 23 मीटर
- ताशी 60 किमी : सुमारे 44 मीटर
- पावसात पकड निम्मी झाली असं धरलं, तर ताशी 40 किमीलाही सुमारे 36 मीटर

आकडे वहीत असतात तेव्हा ते आकडेच असतात. पण पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब. ताशी 60 म्हणजे अशी तीन मैदानं संपून चौथ्यात गाडी थांबणार! एका मुलाला सुरुवातीच्या रेषेवर उभं केलं, दुसऱ्याला 44 मीटरवर. दोघांमधलं अंतर बघून वर्ग गप्प झाला. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट. "मी ब्रेक मारतो ना" म्हणणारे हात खाली गेले.

दोष फक्त मुलांचा नाही

त्या मुलाला बोलावून विचारलं, गाडी का आणतोस? रुबाबासाठी, असं उत्तर येईल वाटलं होतं. तो म्हणाला, "टमटम भरल्याशिवाय निघत नाही सर. उशीर झाला की तुम्हीच बाहेर उभं करता." आता काय बोलणार? त्या पाड्यावरच्या मुलांना सकाळी पंधरा मिनिटांची सूट द्यायचं आम्ही शिक्षकांनी मिळून ठरवलं. मुलांना उशिराची शिक्षा आणि वेगाचा उपदेश एकाच तोंडाने करता येत नाही. तो आता दोन मित्रांबरोबर चालत येतो. कधी सायकलने. कधी उशिरा. येऊ दे.

तुमच्या वर्गासाठी

1. निबंध किंवा संवाद लिहा : 'मी गतिरोधक बोलतोय' किंवा 'हेल्मेट आणि कोपर'.
2. घरच्या वाहनचालकांचं प्रगतिपुस्तक करा. इंडिकेटर, हेल्मेट, मोबाईल, डिपर, अशा चार विषयांत श्रेणी द्या आणि खाली पालकांची सही घ्या. (सही घेताना मुलांना मजा येते!)
3. आठवडाभर घरात 'इथंच तर जायचंय' कोण कधी म्हणालं, ते तारखेसह लिहा.
4. शिक्षकांनी स्वतःचं प्रगतिपुस्तक मुलांकडून भरून घ्या. धाडस असेल तर.

आपल्या पोशीरवरून माथेरानचा डोंगर दिसतो. तिथं सगळ्यांच्या गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, पुढे माणसं निवांत चालतात. खाली आपल्याला गाडीशिवाय भागणार नाही, हे मान्य. पण निदान आपल्या पोराला रस्त्याच्या कडेने निवांत चालता यावं, एवढं तरी आपल्या हातात आहे.

माझ्या प्रगतिपुस्तकात हेल्मेटला 'अ' आहे, मोबाईलला 'ब'. इंडिकेटरला 'क' मिळाला, शेरा आहे, "सुधारणेला वाव आहे." आणि गाडी? ती आता मी स्वतःच सावलीत लावतो.