मारक्या कोंबड्याविषयी पुतण्यास पत्र



परसात पाळलेला कोंबडा माणसाच्या अंगावर धावून येऊ लागला, की घरात प्रथम काठी उचलली जाते. परंतु काठीने हा प्रश्न बहुधा वाढतोच, आणि तो का वाढतो हे कळण्यासाठी कळपात कोंबड्याचे काम कोणते असते ते आधी पाहावे लागते. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा होय, आणि त्या रानातील नराप्रमाणेच परसातील कोंबडाही दिवसभर मान वर करून आकाश व कुंपण न्याहाळत असतो. वर शिक्रा दिसला तर त्याचा इशारा एका प्रकारचा असतो, आणि मुंगूस किंवा कुत्रे जमिनीवरून येत असेल तर निराळ्या प्रकारचा. ज्या धीटपणाने तो तलंगा आणि पिले यांच्यापुढे उभा राहतो, तोच धीटपणा दाणे टाकायला आलेल्या माणसाकडे वळला म्हणजे कोंबडा मारका झाला असे म्हणतात.

नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी कोंबड्यांमधील ‘चोचक्रम’ मांडला. चोचक्रम म्हणजे कळपात कोणी कोणाला टोचावे आणि कोणी निमूट बाजूला व्हावे याची ठरलेली उतरंड. साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात नराच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, तुरा लालभडक होतो, आरवणे सुरू होते, आणि याच काळात तो या उतरंडीतील आपली जागा अजमावू लागतो. लहानपणापासून हातावर खेळवलेल्या कोंबड्याला माणसाची भीती उरलेली नसते, म्हणून तो माणसालाही या अजमावणीत ओढतो; घरातील सर्वांत लाडका कोंबडाच पुढे मारका निघतो, असे अनेक घरांत दिसते ते यामुळे.

हल्ला मात्र अचानक होत नाही, आणि चिरंजीवाने सर्वांत अधिक लक्ष याच गोष्टीकडे द्यावे. कोंबडा आधी एक पंख जमिनीकडे टाकून तिरक्या पावलांनी येतो, किंवा दाणा नसतानाही दाणा टिपल्यासारखी मान खालीवर करतो; मग मानेची पिसे फुलवतो, आणि त्यानंतरच दोन्ही पाय पुढे करून उडी घेतो. पहिली खूण दिसताच जागीच थांबावे, अंग किंचित आडवे करावे, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये, आणि त्याने मान खाली घालून चरायला सुरुवात केली की सावकाश निघावे. पळणारा माणूस हरला असे तो समजतो, आणि लाथ मारणारा माणूस लढाईला उतरला असे समजतो. दोन्ही प्रकारे त्याची मूळ समजूत पक्कीच होते. फडफडणारा परकर, वाऱ्याने हलणारा रेनकोट, एकाएकी फिरवलेला खराटा यांनीही तो बिथरतो, म्हणून खुराड्यात जाताना हालचाल संथ ठेवावी, पायांत गमबूट घालावेत आणि पुढे बादली किंवा रुंद टोपली धरावी, जी त्याला मारण्यासाठी नव्हे तर केवळ आडोसा म्हणून असते. कोंबड्याला जमिनीवर दाबून धरले म्हणजे तो वठणीवर येतो, असे पुष्कळजण सांगतात; या उपायाने पक्षी घाबरतो, त्याला इजाही होऊ शकते, आणि हा उपाय टिकाऊ ठरतो असे मानण्यास पुरेसे कारण नाही. त्याला हाताळणे भागच असेल तर रात्री दांडीवर बसलेला असताना उचलावे, कारण अंधारात कोंबड्याला फार कमी दिसते व तो शांत राहतो.

जागा आणि संख्या यांचाही विचार करावा. आठ-दहा माद्यांमागे एक नर हे प्रमाण परसातील कळपाला पुरते. नर अधिक झाले तर ते एकमेकांशी झुंजतात आणि माद्यांच्या पाठीवरील पिसे झडून कातडी उघडी पडते. दोन नर ठेवणे अटळ असल्यास मध्ये नारळाच्या झापांचा आडोसा करावा, म्हणजे हरलेल्याला दृष्टीआड होता येते.

कोंबड्याच्या पायामागील काटा म्हणजे आत हाड आणि बाहेर शिंगासारखे कठीण आवरण. त्याची जखम तोंडाशी लहान दिसली तरी खोल जाते, म्हणून ती साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. काट्याचे टोक बोथट करायचे ते पशुवैद्याकडून करून घ्यावे, कारण खोल कापले तर रक्तस्राव होतो. लहान मुलाचा चेहरा कोंबड्याच्या उडीच्या टप्प्यात येतो. डोळ्याला लागलेला मार भरून निघेलच असे नाही, म्हणून ज्या घरात लहान मूल आहे तेथे वारंवार हल्ला करणारा कोंबडा मोकळा सोडू नये, आणि काही आठवड्यांत पालट झाला नाही तर ठेवूच नये. या निर्णयात अपराधी वाटण्याचे कारण नाही. अंडी देण्यासाठी कोंबडीला नराची गरज नसते, ती केवळ पिलांसाठी असते. कोकणात एखादा कोंबडा राखणेसाठी, म्हणजे स्थळदेवतेला द्यावयाच्या नैवेद्यासाठी, बोललेला असतो. तसे असल्यास वडीलधाऱ्यांशी आधी बोलावे आणि तोवर त्याला वेगळे कोंडावे. झुंजीसाठी मात्र तो कोणालाही विकू नये, मग किंमत कितीही मिळो, कारण प्राण्यांना झुंजवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे आणि पक्ष्याचे हाल तर त्याहून उघड आहेत.

मारकेपणा काही अंशी वंशातून उतरतो, म्हणून अशा नरापासून फळलेली अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नयेत. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी: कोंबडीच्या शरीरात नराचे वीर्य दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ टिकून राहते, त्यामुळे मारका कोंबडा काढून शांत स्वभावाचा नवा आणला, तरी पहिले साधारण तीन आठवडे मिळणारी अंडी घरात खाण्यासाठीच वापरावीत आणि उबवणीची अंडी त्यानंतर निवडावीत.