शाळकरी मुलांचे त्वचारोग आणि घराची जबाबदारी



दिल्लीत त्वचारोगांचे दोन हंगाम असतात. जुलै-ऑगस्टच्या दमट उकाड्यात घामाने भिजलेला गणवेश मुलांच्या अंगावरच वाळतो. तेव्हा नायटा, गळवे व पुवाळलेले फोड वाढतात. डिसेंबर-जानेवारीत थंडीमुळे आंघोळ टाळली जाते, लोकरी कपडे आठवडेच्या आठवडे धुतले जात नाहीत आणि एका रजईत दोन-तीन भावंडे झोपतात. या दिवसांत खरूज घरोघर फिरते. महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त दिल्ली, नोएडा वा गुडगाव येथे गेलेल्या कुटुंबांना पहिला हंगाम ओळखीचा असतो, दुसरा मात्र नवा असतो.

खरूज ही अस्वच्छ माणसालाच होते, अशी समजूत आपल्यात खोल रुजलेली आहे. ती चुकीची आहे. खरूज एका आठ पायांच्या अतिसूक्ष्म जीवामुळे होते, हे बोनोमो या इटालियन वैद्याने १६८७ मध्येच सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखवून दिले होते. या जीवाची मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. त्वचेचा त्वचेशी काही काळ स्पर्श होताच तो दुसऱ्याच्या अंगावर जातो. मग ते घर बंगल्यातले असो वा झोपडीतले. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती रात्री वाढणारी खाज हे त्याचे मुख्य लक्षण होय.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे एक मूल खाजवू लागते, तेव्हा घरातील इतरांनाही लागण झालेली असण्याचा संभव मोठा असतो. म्हणून खाज असो वा नसो, घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध लावावे. सहसा डॉक्टर पर्मेथ्रिनचे ५ टक्के मलम देतात. ते मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खालीसुद्धा लावून रात्रभर ठेवावे व एक-दोन आठवड्यांनी पुन्हा लावावे. तान्ही बाळे व गरोदर स्त्रिया यांच्याबाबत मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. अंगावरचे कपडे व चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. रजई धुता येत नाही, हे खरे. ती पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस बाजूला ठेवली तरी पुरे, कारण माणसाच्या अंगाबाहेर हा जीव दोन-तीन दिवसांपेक्षा फारसा जगत नाही. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषध लागू पडले नाही असे समजून रोज मलम चोपडू नये. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घालण्यास हरकत नाही, पण तिने खरूज जात नाही. रॉकेल वा फिनेल तर मुलाच्या अंगाला कधीही लावू नये.

खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरले की मधासारख्या पिवळ्या खपल्यांचे फोड येतात. यांतील काही जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. फोड येऊन काही आठवडे झाल्यावर मुलाचा चेहरा सकाळी सुजलेला दिसला किंवा लघवी चहाच्या रंगाची झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हे फोड टाळण्याचा उपाय अगदी साधा आहे. कराचीच्या गरीब वस्त्यांत साबणाने हात धुण्याविषयी केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांना साबण व शिकवण देण्यात आली, तेथील मुलांत अशा फोडांचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी आढळले, अतिसार तर निम्म्याहून कमी झाला. साबण साधाच पुरतो. महागड्या जंतुनाशक साबणाने त्या अभ्यासात अधिक लाभ दिसला नाही. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या दिल्लीच्या वस्त्यांतील आईला रोज आंघोळीचा उपदेश करणे सोपे आहे. तिला आपण हात धुण्यापुरते पाणी राखण्यास आणि मुलांची नखे कापण्यास सांगावे, हे मला अधिक न्याय्य वाटते.

नायट्याची कथा निराळी आहे. दिल्लीत त्याला ‘दाद’ म्हणतात आणि औषधाच्या दुकानात हा शब्द उच्चारताच एक ट्यूब पुढे केली जाते. तिच्यात बहुधा बुरशीचे औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड असे मिश्रण असते. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते व आईला हायसे वाटते. पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी आत पसरत राहते. वर्तुळाचा ओळखीचा आकारही पुसट होतो, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही निदान कठीण जाते. कोवळी कातडी पातळ पडते ते वेगळेच. अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीविना विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला. त्याच वर्षी दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला न जुमानणारी बुरशी दिल्लीच्या रुग्णांत आढळल्याचे प्रसिद्ध केले. तेव्हा शेजारणीची उरलेली ट्यूब वापरू नये. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस डाग नाहीसा झाल्यावरही पुरे करावेत, आणि टॉवेल, कंगवा व मोजे प्रत्येकाचे वेगळे ठेवावेत.

फिकट चट्टा खाजत नसेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळते व वेळीच घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो.

आता शाळेविषयी. खरूज झालेल्या मुलाला महिनाभर घरी बसवण्याचे कारण नाही. पहिला उपचार झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते शाळेत जाऊ शकते. पुवाळलेल्या फोडांवर प्रतिजैविक सुरू केल्यावर एक दिवस थांबावे, व उघड्या जखमा झाकून पाठवावे. नायट्याचे औषध सुरू झाले की वर्गात बसण्यास अडचण नसते. शिक्षकांनी मात्र मुलाला वर्गापुढे उभे करून हात दाखवायला लावू नये. अशा वेळी मूल दुखणे लपवू लागते, आणि लपलेले दुखणे साऱ्या बाकावर पसरते. पालकांना खासगीत चिठ्ठी द्यावी.

सरकारी शाळांतील मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघर येथे झाला. खरूज, बुरशीचे रोग व इसब यांची तपासणी त्यात येते. तपासणीचे पथक आपल्या शाळेत केव्हा येणार, हे मुख्याध्यापकांना विचारून ठेवावे, आणि त्या दिवशी मुलाला गैरहजर ठेवू नये.