एक तार कीं दोन?

पेठेंत दोन दुकानें असलीं तर माल स्वस्त मिळतो. मग वीज देणाऱ्या कंपन्याही दोन कां नसाव्या, असें पुष्कळजण विचारतात. २००३ सालच्या वीज कायद्यानें तशी मोकळीक दिली आहे. मुंबईच्या उपनगरांत ग्राहकास कंपनी निवडतां येते. परंतु तेथें घरें दाट आहेत. आपल्या पाथर्डी तालुक्यांत वस्त्या विरळ, विहिरी दूर. माळावरच्या एकट्या घरासाठीं दुसरे खांब कोण रोवील? आपल्याच जिल्ह्यांत मुळा-प्रवरा ही सहकारी संस्था वीज पुरवीत असे; २०११ सालीं तिच्या जागीं महावितरण आली. पुरवठादार बदलला, परंतु ग्राहकास निवड मिळाली नाहीं. म्हणून स्पर्धा अवश्य यावी. मात्र शेवटच्या घरीं दिवा लावण्याचें बंधन जी कंपनी पतकरील, तिलाच पेठेंतील गिऱ्हाईक मिळावें.