खेळातील भैरवी

गाण्याची मैफल भैरवीने संपते आणि श्रोत्यांना निरोपाची हुरहूर लागते. गोष्ट सांगणाऱ्या व्हिडिओ गेममध्येही संगीत हेच कार्य करते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला राजी शोधीत फिरते. त्याचे संगीत ग्रीसच्या लिनोस त्झेलोस यांनी रचले. बिबवेवाडीतील एखाद्या मुलीने खेळताना आवाज बंद केला, तरी राजी धावतच राहील. पण तिची व्याकुळता त्या मुलीला तितकी जाणवणार नाही.

नाटकात प्रेक्षक दुसऱ्याचे दुःख पाहतो. खेळात प्रत्येक पाऊल खेळणाऱ्यालाच टाकावे लागते. म्हणूनच वाटेत ऐकलेले सूर शेवटी पुन्हा कानी पडले, की सारी वाट आठवते आणि डोळे पाणावतात.