विद्यार्थ्यांचा लघुपट आणि न ठरवलेल्या गोष्टी

कोल्हापुरात चित्रपट जन्माला आला तो एका गटाच्या उद्योगातून. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतभाऊ स्वतःच कॅमेरा घडवण्याच्या खटपटीत असताना 1916 मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी ते अपुरे काम तडीस नेले, गायिका तानीबाई कागलकर यांच्या भांडवलावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. दामले, फत्तेलाल आणि पुढे शांताराम यांच्यासारख्या माणसांनी या कंपनीत पडेल ते काम केले, तरी पडद्यावर काय दिसावे याचा अखेरचा शब्द बाबूरावांचा असे. हे तिघे आणि केशवराव धायबर 1929 मध्ये बाहेर पडले, सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांची साथ घेऊन त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली आणि 1933 मध्ये ती पुण्याला नेली. महाविद्यालयीन गटांच्या लघुपटांचा अनुभव या इतिहासाशेजारी ठेवून पाहिला, तर असे दिसते की काम सर्वांना वाटून घेता येते, निर्णय मात्र वाटता येत नाही. आणि ज्या गोष्टी आरंभी बोलल्या जात नाहीत, त्याच पुढे गट मोडतात.

बहुतेक गटांची पहिली चूक कागदावरच्या कामाला कंटाळण्याची असते. पटकथा म्हणजे प्रसंगवार लिहिलेली कथा. तिच्यापुढची पायरी शॉटविभागणीची, म्हणजे प्रत्येक प्रसंग किती तुकड्यांत, कोणत्या बाजूने आणि किती जवळून टिपायचा याची यादी. बाबूराव पेंटर दृश्यांची आणि वेशभूषेची रेखाटने आधी करून ठेवत, कारण ते मुळात चित्रकार होते आणि कच्ची फिल्म महाग होती. आज मोबाइलमध्ये कितीही चित्रण साठवता येते, त्यामुळे ‘जागेवर बघू’ हीच योजना ठरते आणि दहा मिनिटांच्या लघुपटासाठी तासन्‌तास चित्रण जमूनही दोन पात्रे एकमेकांकडे पाहत आहेत हे दाखवणारा शॉट सापडत नाही. चित्र काढता येत नसेल तर काड्यांची माणसे काढूनही स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटमागून शॉट दाखवणारी चित्रांची पट्टी, तयार होते. कलानगरी म्हणवणाऱ्या कोल्हापुरात याला सबब असू नये.

चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेऱ्याकडे सगळे धावतात आणि आवाजाकडे कोणीच पाहत नाही. रंकाळ्याचा काठ, महाद्वार रोड आणि पंचगंगेचा घाट ही विद्यार्थ्यांची आवडती ठिकाणे दिसायला जितकी देखणी, तितकीच कानाला कठीण आहेत. दुचाकींचे हॉर्न, फेरीवाल्यांच्या हाका आणि दूरवरचा लाऊडस्पीकर हे सारे फोनच्या माइकमध्ये संवादाइतक्याच ठळकपणे शिरते, आणि पन्हाळ्यावर गेल्यास त्यांची जागा वारा घेतो. चित्र थोडे अंधारे असेल तर प्रेक्षक ते चालवून घेतो, पण न कळणारा संवाद तो चालवून घेत नाही. म्हणून पात्राच्या कपड्यात लपवलेला साधा कॉलर-माइक भारी कॅमेऱ्यापेक्षा अधिक उपयोगी ठरतो. आवाज वेगळ्या यंत्रावर घेतला जात असेल तर प्रत्येक शॉटच्या आरंभी क्लॅप द्यावा, म्हणजे चित्र आणि ध्वनी जुळवण्यासाठी एक टाळी चित्रात आणि आवाजात एकदमच नोंदली जावी. शिवाय प्रत्येक जागेचा ‘रूम टोन’, म्हणजे कोणीही न बोलता त्या जागेचा असा जो आवाज असतो तो, अर्धा-एक मिनिट स्वतंत्र नोंदवावा. संवाद कापल्यावर मध्ये पडणारी मुकी पोकळी त्यानेच भरता येते. हे अर्धे मिनिट शांत उभे राहणे तरुण मंडळींना सर्वांत अवघड जाते, हे मात्र खरे.

प्रकाशाचेही असेच आहे. मूकपटांचा काळ बहुतांशी सूर्यावर चालला आणि बाबूरावांनी 1923 च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाश वापरला, हे त्या काळी मोठे धाडस होते. आज वर्गखोलीत ट्यूबलाइट लावली की प्रश्न सुटला असे वाटते, पण तिथेच नवा प्रश्न सुरू होतो. भारतातील वीज 50 हर्ट्झची असल्याने असे अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त उजळतात आणि फोन सेकंदाला 30 चौकटी टिपत असेल तर चित्रावर लुकलुकणारे पट्टे उमटू शकतात. सेकंदाला 25 चौकटी आणि शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवला की हा दोष सहसा जातो. फोनमध्ये चौकटींचा वेग आपोआप बदलत राहण्याची सोय असते आणि त्यामुळे लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटतात. त्यासाठी वेग पक्का ठेवणारे ॲप आधीच वापरून पाहणे श्रेयस्कर.

परवानगीची बाब थोडक्यात सांगता येते. पन्हाळा हे पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. तेथे आणि मंदिरांच्या आवारात व्यवस्थापनाला आधी लेखी विचारावे, महाविद्यालयाचे पत्र जवळ ठेवावे.

संपादनाच्या टेबलावर गटाची खरी कसोटी लागते. पहिल्याच रात्री सर्व चित्रण दोन वेगळ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय फोनमधून काहीही पुसू नये आणि कोणता शॉट चांगला आला हे चित्रीकरणाच्या वेळीच वहीत नोंदलेले असावे. त्यानंतर रफ कट, म्हणजे संगीत आणि रंगसफाईशिवाय केवळ क्रमाने जोडलेला कच्चा लघुपट, सर्वांनी मिळून पाहावा. मते सर्वांची ऐकावीत, पण कात्री एकाच्याच हातात राहावी. सहा जण स्क्रीनमागे उभे राहून सूचना करू लागले की ज्याचा शॉट कापला जातो तो रुसतो आणि मग लांबलेला शॉट मैत्रीखातर तसाच राहतो. लोकप्रिय चित्रपटगीत पार्श्वभूमीला वापरले तर हक्कांमुळे लघुपट महोत्सवाकडून परत येऊ शकतो. त्यापेक्षा गटातल्याच कोणी वाजवलेली पेटी बरी.

सर्वांत कडू भांडण बहुधा श्रेयनामावलीवरून, म्हणजे शेवटी येणाऱ्या नावांच्या पाटीवरून होते, कारण दिग्दर्शक कोण आणि महोत्सवाला लघुपट कोणाच्या नावाने जाणार हे कोणी विचारलेलेच नसते. लघुपटाच्या तयारीला लागणाऱ्या प्रत्येक गटाने श्रेयनामावलीचे हे पान पटकथेच्याही आधी लिहावे आणि त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात.